तटस्थ कोणाला म्हणावे ?



आमचे मूळ गाव केज तालुक्यातले. गावाचे नाव सांगत नाही, कारण ज्यांची ही हकीकत आहे त्यांची नातवंडे आजही एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. हकीकत निजामी अमलातली आहे आणि ती मला माझ्या वडिलांनी सांगितली. गावातील दोन भावक्यांमध्ये एका बांधावरून तंटा पेटला होता. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल की, त्या काळी शीव कोठून जाते हे सांगण्याचे काम महाराकडे असे. ज्याच्या सावलीचा विटाळ होई त्याचा शब्द शिवेच्या बाबतीत मात्र प्रमाण ! आमच्या आज्याला दोन्ही घरांनी बोलावून घेतले. आजा दोघांनाही एकच बोलला, "म्या कुनाच्याच बाजूचा न्हाई. शीव जिथं हाय तिथंच हाय."

पुढे एका रात्री त्या दोहोंपैकी एका घरचा कर्ता माणूस महारवाड्याच्या तोंडाशी आला आणि त्याने आज्याची बैलगाडी मागितली. काय न्यायचे, कोठे न्यायचे, आज्याने काही विचारले नाही. त्या घरची ज्वारी आमच्या अंगावर होती. विचारायला तोंड कोठून येणार? गाडी गेली आणि पहाटे परत आली. दिवस उजाडल्यावर कळले की, त्या गाडीतून माणसे, काठ्या आणि कुऱ्हाडी बांधावर गेल्या होत्या आणि दुसऱ्या घरच्या एका तरण्या पोराचा हात कायमचा निकामी झाला होता. आजा त्या घरी गेला. अंगणाबाहेर उभा राहून त्याने हात जोडले. "मालक, म्या कुनाला बोट लावलं न्हाई. गाडी मागितली, दिली." त्यावर त्या पोराची आई म्हणाली, "तू न्हाई मारलंस रे. पर गाडी तुझी व्हती."

ही हकीकत आज तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण असे की, जे आमच्या आज्याच्या बाबतीत घडले ते देशांच्या बाबतीतही घडते. तेथे बैलगाडीऐवजी विमानाची धावपट्टी असते आणि ज्वारीऐवजी कोट्यवधींचे कर्ज असते, एवढाच फरक. आपण नुकतीच दीक्षा घेतलेली माणसे. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणारी. आपला देशही जगात एका पंचशीलाबद्दल ओळखला गेला आहे. तेव्हा या दोन पंचशीलांचा एकमेकांशी काय संबंध, याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा ?

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटमधील व्यापाराविषयी करार झाला. त्याच्या प्रारंभी पाच तत्त्वे घातली होती: एकमेकांच्या भूमीचा आणि सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता आणि शांततामय सहजीवन. पंडित नेहरूंनी या तत्त्वांचा पंचशील म्हणून गौरव केला आणि हा बौद्धांचा शब्द वर्तमानपत्रांतून जगभर गेला. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी या आनंदावर विरजण घातले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राजकारणात पंचशीलाला जागा नाही, इतक्या स्पष्टपणे ते बोलले.

जो महापुरुष दोनच वर्षांनी लाखो लोकांना पंचशील देणार होता, त्यानेच असे बोलावे याचे काहींना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. शील हे आचरणात असते, करारपत्रात नव्हे, आणि ज्याचे आचरण तपासलेले नाही त्याच्या तोंडचा पवित्र शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये, असा त्याचा अर्थ मी घेतो. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे सैन्य आपल्या हद्दीत शिरले तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. त्या नोव्हेंबरात अलिप्ततेचे उद्गाते नेहरू यांनाच अमेरिकेच्या अध्यक्षांकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागण्याची पाळी आली.

आता विमानांकडे वळू. आपल्या निजामी मुलखाने हा खेळ फार लवकर पाहिला आहे. १९४८ साली सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून शस्त्रे भरलेली विमाने रात्रीच्या वेळी हैदराबाद संस्थानात आणीत असे. बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर ती उतरत. पुढे इंग्लंडमध्ये त्याला या उद्योगाबद्दल दंड झाला. त्या बंदुका निजामाच्या फौजेसाठी येत होत्या आणि आपला बीड जिल्हा त्याच अमलाखाली होता. रझाकारांच्या त्या दिवसांविषयी तुमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांनी काय सांगितले असेल ते मी येथे पुन्हा सांगत नाही. एवढेच पाहा की, कॉटन एकटा होता, पण त्याला उडायला कोणाची तरी धावपट्टी लागली, कोणाचे तरी तेल लागले.

याहून अधिक बोलका दाखला १९७१ चा आहे, आणि तो एका बौद्ध देशाचा आहे म्हणून आपण तो नीट पाहिला पाहिजे.

३० जानेवारी १९७१ रोजी आपले 'गंगा' हे विमान श्रीनगरहून जम्मूला जात असताना पळवून लाहोरला नेण्यात आले आणि नंतर जाळून टाकण्यात आले. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. कराचीहून डाक्क्याला जायचे तर आता साऱ्या भारताला वळसा घालून, समुद्रावरून, जवळजवळ दुप्पट अंतर तोडावे लागे. एवढ्या पल्ल्यासाठी मध्ये कोठेतरी तेल भरणे आले. ते तेल कोलंबोला मिळाले. सिलोन सरकारचे म्हणणे असे की, ही प्रवासी विमाने आहेत, आम्ही अलिप्त राष्ट्र आहोत, भारत आमचा मित्र आणि पाकिस्तानही आमचा मित्र. प्रत्यक्षात त्या विमानांतून साध्या कपड्यांत सैनिक जात होते. २५ मार्चच्या रात्री डाक्क्यात कत्तल सुरू झाली. वर्ष संपेपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले. त्यांच्यासाठी आपण प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावीत होतो, हे तुमच्यातील काहींना आठवत असेल. बीडच्या माणसाने ते पाच पैसे दिले आणि पुढच्याच साली ७२ च्या दुष्काळात त्याने स्वतः खडी फोडली, ते असो.

सिलोन म्हणजे बौद्ध राष्ट्र. १९५० मध्ये बाबासाहेब स्वतः तेथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. १९६१ साली बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली तेव्हा भारताबरोबर सिलोनही तेथे होते. आणि योगायोग असा की, हिंदी महासागर हा शांततेचा प्रदेश असावा हा सिलोनने पुढाकार घेतलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे डाक्का पडले त्याच दिवशी, मंजूर झाला ! शांततेचा ठराव मांडणारा हात आणि तेलाची नळी धरणारा हात एकच होता. सिलोनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच एप्रिलमध्ये तेथे तरुणांचे मोठे बंड झाले होते आणि श्रीमती बंदरनायके यांच्या सरकारला भारतानेही हेलिकॉप्टरे पाठवली, पाकिस्ताननेही पाठवली. दोघांचेही उपकार अंगावर. आमच्या आज्याच्या अंगावर एकाच घरची ज्वारी होती.

त्या वेळी आपल्याकडे सिलोनवर राग धरणारे पुष्कळ होते आणि तो राग योग्य होता. परंतु वीसच वर्षांनी ती पाळी आपल्यावर आली तेव्हा आपण काय केले ?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. तेथे आणि इराकमध्ये आपली सुमारे पावणेदोन लाख माणसे अडकली होती. त्यांना अम्मानमार्गे परत आणण्यासाठी एअर इंडियाने दोन महिन्यांत शेकडो फेऱ्या केल्या आणि लाखाहून अधिक माणसे सुखरूप आणली. मुंबईच्या सहार विमानतळावर त्या दिवसांत अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेली माणसे मातीला हात लावून रडत होती. हे काम कोणत्याही राष्ट्राला भूषणावह आहे.

त्याच सहार विमानतळावर, चारच महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेची लष्करी मालवाहू विमाने उतरू लागली. फिलिपाइन्सकडून आखाताकडे जाताना ती मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे तेल भरून पुढे जात. १७ जानेवारीला बगदादवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. पंतप्रधान चंद्रशेखर यांच्या सरकारने ही परवानगी जाहीर करून दिली नव्हती; बातमी वर्तमानपत्रांतून फुटली तेव्हा देशाला कळले. मग सांगण्यात आले की, या विमानांत मारक शस्त्रे नाहीत. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसचे नेते राजीव गांधी यांनीच विरोध केला, डाव्या पक्षांनी केला, आणि फेब्रुवारीत ही सवलत बंद झाली. १३ फेब्रुवारी रोजी बगदादच्या अमीरिया भागात एका आसऱ्याच्या जागेवर बॉम्ब पडून चारशेहून अधिक नागरिक मेले. त्यात बायका आणि मुले फार होती. सहारला तेल घेतलेल्या विमानाने तो बॉम्ब टाकला असे कोणी म्हणणार नाही. ती मालवाहू विमाने होती. आज्याच्या गाडीनेही कोणाचा हात तोडला नव्हता.

येथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवावेच. तुम्ही म्हणाल, इराक आक्रमक होता. त्याने एक छोटा देश लुटला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २९ नोव्हेंबर १९९० च्या ठरावाने बळाचा वापर करण्यास मान्यता दिली होती. मग मदत केली तर बिघडले काय ? चोर आणि घरमालक यांच्यामध्ये तटस्थ राहणे हा कसला धर्म ?

आक्षेप बिनतोड आहे. बाबासाहेबांनी आपल्याला भाबडी अहिंसा शिकवली नाही. तत्त्व आणि नियम यांत फरक आहे, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक आहे, हे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्या समाजातील किती तरी मुले सैन्यात आहेत आणि महार रेजिमेंटचा आपल्याला अभिमान आहे. तेव्हा अन्यायाविरुद्ध उभे राहणे चूक नाही. पण मग उभे राहिले पाहिजे ! इराक अन्यायी आहे, आम्ही त्याच्याविरुद्ध मदत करीत आहोत, असे संसदेत उभे राहून म्हणायला हवे होते. लोकांनी त्यावर बरेवाईट बोलले असते. ते झाले नाही. तोंडाने अलिप्तता आणि अंधारात तेलाची नळी, ही ना तटस्थता, ना न्यायाची बाजू. माझ्या मते १९९१ मध्ये मोठी चूक तेलाची नव्हती, लपवाछपवीची होती. तिला पंचशीलातील चौथे शील लागू पडते.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. तेल विकले, पैसे घेतले. दुकानदार गिऱ्हाईकाला कोठे चाललास असे विचारतो काय? भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत आणि त्यातला पहिला शस्त्रांचा आहे. तेल हे शस्त्र नव्हे, कबूल. पण बुद्धांनी शस्त्र बनवणाराला अडवले नाही, विकणाराला अडवले, हे ध्यानात घ्या. विकणारा म्हणतो, मी मारत नाही. त्याची ही पळवाट बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच बुजवून टाकली. रॉकेल विकणारा दुकानदार निर्दोष आहे. पण हातात मशाली घेतलेला जमाव रात्री दारात येऊन रॉकेल मागतो, तेव्हा तोच दुकानदार तोच माल विकूनही निर्दोष राहत नाही. आपल्या वस्त्या कशा जळल्या हे मराठवाड्यातल्या बौद्धांना १९७८ पासून कोणी सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट गरजेची. ती मी सर्वांत खरी मानतो. त्या जानेवारीत आपल्या तिजोरीत परकीय चलन काही आठवड्यांपुरतेच उरले होते आणि त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज मिळाले. तेलाची नळी आणि कर्ज यांचा संबंध होता असे त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवले. कागदोपत्री तो होता की नव्हता या वादात मी पडत नाही. कर्जदाराला नाही म्हणणे जड जाते, एवढे कळायला कागद लागत नाही. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेवाचून इराकवर स्वारी केली तेव्हा स्वित्झर्लंडने त्या युद्धाच्या लष्करी विमानांना आपले आकाश बंद केले. श्रीमंताला तटस्थता परवडते, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या देशानेही इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची मागणी नाकारली, आणि आपण काही स्वित्झर्लंड नव्हतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मात्र भारत आणि अमेरिका यांनी एकमेकांच्या लष्कराला इंधन, रसद आणि दुरुस्तीची सोय देण्याचा करार केला. परवानगी प्रत्येक वेळी वेगळी द्यायची असे त्यात आहे. करार उघड आहे, ही १९९१ पेक्षा बरी गोष्ट. पण प्रत्येक वेळी, गाडी कोठे चालली आहे, हा प्रश्न दिल्लीत कोणी विचारतो का, हे पाहणे तुमचे-माझे काम आहे. आपण मते देतो ती त्यासाठीच.

मग खरा तटस्थ कसा असतो ? बाबासाहेबांनी त्याचे चित्र सिद्धार्थाच्या चरित्रात काढून ठेवले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात मारामारी झाली. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ गप्प बसला नाही. आधी दोष कोणाचा ते तपासा, दोन्हीकडची दोन-दोन माणसे निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि निकाल द्यावा, अशी सूचना त्याने मांडली. ती फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला तेव्हा त्याने भरती होण्यास भर सभेत नकार दिला. देहदंड, देशत्याग, किंवा कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, असे पर्याय त्याच्यापुढे होते. त्याने घरच्यांवर आच येऊ दिली नाही; स्वतः देश सोडला. तो कोलियांना जाऊन मिळाला नाही आणि शाक्यांना त्याने रथही दिला नाही.

दहा पारमितांमधील उपेक्षा हा शब्द तुम्ही प्रवचनांत ऐकला असेल. रोजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. धम्मात तो अर्थ नाही. बाबासाहेबांनी उपेक्षा आणि बेफिकिरी यांना मुद्दाम वेगळे केले आहे. राग-लोभ न धरता, फळाने न डळमळता, तरीही कामात गुंतून राहणे, असा तिचा आशय आहे. काठावर डोळे मिटून बसणारा उपेक्षा करीत नाही, तो झोपा काढतो.

हे सारे दिल्लीचे आणि कोलंबोचे, आम्हांला काय त्याचे, असे म्हणू नका. दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती फिटलेली नसते. निवडणुकीच्या आधी, नाही तर गावात दोन गटांची खुन्नस वाढली की, त्याच मुकादमाचा निरोप येतो: जीपमध्ये बसायला दहा पोरे पाठव. कोणी नुसते बसायचे, मारायचे नाही. कोणाला फक्त मोटारसायकल मागतात. कोणाला, जे पाहिले ते पाहिले नाही, एवढेच म्हणायला सांगतात. अशा वेळी, आम्ही कोणाच्या बाजूचे नाही, असे म्हणून पोरे पाठवू नका. कोठे जायचे ते विचारा. विचारण्याची छाती व्हावी म्हणून उचल कमी घ्या, बचतगटातून घ्या, चार घरे मिळून घ्या. आणि पोरीला, पोराला शाळेतून काढू नका. गावकीची कामे आणि बलुत्याची भाकर सोडा, असे बाबासाहेब आपल्याला सांगत होते, त्यात हाही हिशेब होता. दारोदार भाकर मागणाऱ्या माणसाला कोणत्याच दाराला नाही म्हणता येत नाही.

आमच्या आज्याविषयी एक सांगायचे राहिले. त्या घरची ज्वारी त्याने पुढच्या सुगीला फेडली. बांधाचा तंटा मात्र तसाच राहिला. पुढे मोजणी आली, पंच बसले, दोन्हीकडची माणसे जमली. परंतु शीव सांगायला त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही.